परत फिरलेले

डिचोलीहून साखळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर,
तिस्कापाशी, टायरवाल्याच्या पत्र्याखाली
माझी प्लॅस्टिकची खुर्ची. सकाळी सहा ते रात्री दहा.
मांडीवर पॅड, पॅडवर तक्ता:
दुचाकी, चारचाकी, बस, ट्रक, सायकल, पायी.
प्रत्येकाची एक उभी रेघ, पाचवी आडवी,
शेवग्याच्या शेंगांसारख्या बांधलेल्या जुड्या.

पहिल्या दिवशी मिनिन पदेर सायकल थांबवून म्हणाला,
"कितें मोजता रे बाबा?"
म्हटलं, तुलाच. सायकल, एक.
तो हसला, भोंपू वाजवत निघाला,
आणि खनिजाच्या ट्रकाने त्याला गटाराकडे इतकं दाबलं
की गोणपाटाखालचे चार पाव डांबरावर आले.
तक्त्यात पावांना रकाना नाही.

कचेरीतल्या नकाशावर हा रस्ता शहाण्या मुलासारखा वागतो.
मध्ये पिवळी रेघ, कडांना पांढरी,
बसथांबा चौकोनी, शाळा चौकोनी, घुमटी एक ठिपका.
इथे बस थांब्याच्या पुढे थांबते,
कारण थांब्यात केळी विकायला बसतात.
हायस्कूलची मुलं दुभाजकाची ती तुटकी जागा गाठतात
जिथलं गवत पावलांनी कधीच मेलंय.
आमच्या आधीच कुणी कुणी आखून ठेवलेली वाट,
चपलांनी, बिनपगारी.

तिसऱ्या दिवशी लक्षात आली उमावती माजिक.
साडेपाचला येते. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी.
कडेला उभी राहून पदर सावरते.
एक पाऊल खाली.
हॉर्न.
पाऊल वर.
दहा मिनिटं, वीस, मग पिशवीचा हात बदलून माघारी.
पलीकडे निळ्या दाराच्या घरात तिची धाकटी बहीण,
तीही तेवढ्यात पायरीवर येऊन बसते.
दोघी हात हलवतात.
हातांच्या मधून जातं ते सगळं मी मोजतो.
पायी: शून्य.

त्या रात्री पट्टी घेऊन तक्त्यात एक रेघ जास्त ओढली.
वर लिहिलं, परत फिरलेले.
अकरा दिवसांत एकशे सत्तेचाळीस.
त्यात चाकाच्या खुर्चीतला रुद्राजी, ज्याची औषधं पलीकडच्या दुकानात मिळतात.
त्यात एक बाप, खांद्यावर झोपलेलं मूल.
त्यात मी, दोनदा, चहासाठी.

पंचायतीच्या हॉलात बैठक. पंखा एक, माणसं साठ.
दुकानदार म्हणाले, पार्किंग काढाल तर गिऱ्हाईक जाईल.
ट्रकवाले म्हणाले, गतिरोधकाने पाटे तुटतात.
मागून आवाज आला, घुमटीला हात लावून बघाच.
कनिष्ठ अभियंता सुलक्षा वेरेकर माझे कागद चाळत होत्या.
"हा रकाना नमुन्यात नाही," म्हणाल्या.
मग पान उलटताना थांबून,
"किती म्हणालात?"

रविवारी चुन्याची फक्की, सहा रिकामी पिंपं, उसना दोर.
रस्त्याच्या मध्यात आम्ही एक बेट केलं, तात्पुरतं,
दोन माणसं आणि एक काठी मावेल एवढं.
ट्रक हळू झाले, शिव्या देत का होईना.
मिनिन मात्र मुद्दाम दोनदा गेला.

साडेपाचला ती आली.
पाऊल उतरलं. उतरलेलंच राहिलं.
बेटापर्यंत पोचली आणि थांबली.
पुढची अर्धी वाट मोकळी होती,
वेरेकरबाई हात करत होत्या,
बहीण पायरीवरून उठून उभी,
पण ती तिथेच.
एकदा साखळीकडे, एकदा डिचोलीकडे,
इतकी वर्षं कडेवरून पाहिलेला रस्ता
मधोमध उभी राहून सावकाश बघत.

माझी पेन्सिल पॅडवर टेकलेली.
ओलांडलेले, की परत फिरलेले?
घड्याळात पाच बेचाळीस.
मी समासात फक्त तिचं नाव लिहिलं.